बिनपगारी, फुल वैमानिक

अमेरिकेत पैसे घेऊन विमान चालवण्याचा परवाना २५० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो. मान्यताप्राप्त शाळेतून ठरीव अभ्यासक्रम केला तर १९० तासही पुरतात. पण प्रवासी एअरलाइनमध्ये उजव्या बाजूच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत बसायचं तर १,५०० तास लागतात. विमानविद्येची पदवी असेल तर हजार, लष्करी वैमानिक असेल तर साडेसातशे. बाकीच्यांच्या हाती परवाना असतो, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं आणि खरी नोकरी सव्वा हजार तास लांब असते.

हे तास पदरचे पैसे घालून भरायचे ठरवले, तर हिशेब डोळे पांढरे करणारा आहे. चार आसनांचं साधं सेसना १७२ भाड्याने घ्यायला तासाला दीडशे ते दोनशे डॉलर पडतात. सव्वा हजार तासांचे कमीत कमी १ लाख ८७ हजार डॉलर तरी होतात. शिवाय एअरलाइनच्या परवान्यासाठी बहुइंजिनी विमानावरचा अनुभव लागतो आणि त्या विमानाचं भाडं आणखी चढं असतं. त्यामुळे बहुतेक जण शिकून होताच प्रशिक्षक बनतात आणि नव्या मुलांना शिकवता शिकवता आपले तास भरतात. कुणी जाहिरातींचे फलक ओढत समुद्रकिनाऱ्यावरून उडतं, कुणी पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतं, कुणी तेलवाहिन्यांवर नजर ठेवत फिरतं. एक वाट लहान मालवाहू कंपन्यांकडे जाते. बिनपगारी उमेदवारीचा प्रश्न या वाटेवर येतो.

या कंपन्यांचं काम कसं चालतं ते आधी पाहू. पार्सलं पोचवणाऱ्या बड्या फेडेक्स कंपनीची मुख्य रात्रपाळी मेम्फिसला चालते. देशभरातून आलेली पार्सलं मध्यरात्री तिथे वेगळी होतात आणि पहाटे मोठी जेट विमानं ती विभागीय शहरांत आणून टाकतात. तिथून लहान गावांपर्यंतचा शेवटचा टप्पा बऱ्याचदा कॅरॅव्हान नावाचं विमान करतं. सेसना कंपनीचं हे एक इंजिनाचं टर्बोप्रॉप १९८२मध्ये पहिल्यांदा उडालं. फेडेक्सकडे अशी सुमारे दोनशे विमानं आहेत, पण ती चालवतात छोट्या कंत्राटी कंपन्या. विमानावर रंग फेडेक्सचा, वैमानिक मात्र कंत्राटदाराचा.

या वैमानिकाच्या कामात उडणं हा एक भाग झाला. अंधारात तो आधी शेपटीखाली टेकू लावतो, कारण मागच्या बाजूला माल चढू लागला की विमान नाक वर करून शेपटीवर बसू शकतं. मग खोकी येतात. कोणत्या कप्प्यात किती वजन गेलं ते मांडून विमानाचा गुरुत्वमध्य मर्यादेत आहे ना, हे तो पाहतो आणि माल हलू नये म्हणून जाळ्या आवळतो. हिवाळा असेल तर पंखांवरचं दंव काढतो. पंखावर बर्फाचा पातळ, खरखरीत थर असला तरी विमानाची उचल घटते. बर्फात कॅरॅव्हानला इतके अपघात झाले की या विमानाच्या थंडीतल्या उड्डाणांवर पुढे खास निर्बंध आले. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने जेटसारखं हवामानाच्या वरून निघून जाता येत नाही, त्यातून वाट काढावी लागते. गावात उतरल्यावर माल गाडीवाल्याच्या ताब्यात द्यायचा, दिवसभर भाड्याच्या खोलीत झोपायचं आणि संध्याकाळी परतीची पार्सलं घेऊन निघायचं. हे सगळं एकट्याने.

एके काळी या कामाला आणखी एक मोठी शाखा होती, बँकांचे चेक वाहण्याची. वटवायला आलेला कागदी चेक मूळ बँकेत पोचेपर्यंत पैसा अडकून राहायचा. म्हणून रोज रात्री चेकच्या थैल्या घेऊन लहान विमानं शहरांमधून धावायची. पगार बेताचा असे, पण असे. शिवाय वर्षा-दोन वर्षांत रात्रीच्या आणि खराब हवेतल्या उड्डाणांचा भरघोस अनुभव गाठीला लागायचा. २००३मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून चेकच्या प्रतिमेवरून काढलेल्या प्रतीला मूळ चेकचा दर्जा दिला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. चेक संगणकावरून जाऊ लागले, थैल्या संपल्या आणि नवख्यांच्या शिडीची एक मजबूत पायरी निखळली.

जी मालवाहतूक उरली, तिथेही नवशिक्याला कॅप्टनच्या खुर्चीत थेट बसता येत नाही. अशा लहान कंपन्या विमान वाहतूक नियमांच्या १३५व्या भागाखाली चालतात. ढगांतून, उपकरणांच्या भरवशावर उडायचं तर कॅप्टनला किमान १,२०० तासांचा अनुभव लागतो. फक्त मोकळ्या हवेत उडायचं असेल तर ५०० तास चालतात. पार्सलला मोकळ्या हवेची वाट पाहायला वेळ नसतो, त्यामुळे कंपन्यांना १,२०० तासांचाच माणूस हवा असतो. अडीचशे-तीनशे तासांच्या मुलाला उरते ती उजवी खुर्ची.

आणि मेख इथेच आहे. ती खुर्ची कायद्याने भरावी लागतच नाही. प्रवासी घेऊन ढगांत उडताना दुसरा वैमानिक किंवा त्याच्या बदल्यात मान्यता मिळालेला ऑटोपायलट लागतो. नुसती खोकी असतील आणि विमान एका वैमानिकाने चालवण्याजोगं असेल, तर एकटा कॅप्टन पुरतो. थोडक्यात, कंपनीला या मुलाची गरज नाही आणि त्याला मात्र कंपनीची नितांत गरज आहे. असा सौदा कुणाच्या बाजूने झुकणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

सौद्याचे प्रकार तीन. पहिला, ‘तू उजवीकडे बस, रेडिओ सांभाळ, तास लिही, पगार मात्र मागू नकोस.’ दुसरा, सहा महिने-वर्षभर जमिनीवर माल चढव-उतर, विमानं धू, मग कॉकपिटचं बघू. तिसरा सगळ्यांत धाडसी: खुर्चीत बसायचं तर तूच पैसे दे. आपल्याकडे ट्रकवरचा क्लीनर ड्रायव्हरशेजारी बसून गाडी शिकतो, तसंच हे दिसतं. पण क्लीनरला निदान जेवण आणि भत्ता मिळतो.

दुसऱ्या प्रकाराला सरसकट शोषण म्हणता येणार नाही. कॅनडाच्या उत्तरेत ही जुनी रीत आहे. यलोनाइफच्या बफेलो एअरवेजमध्ये नवे वैमानिक आधी गोठवणाऱ्या थंडीत माल लादतात आणि टिकले तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या डीसी-३ विमानाच्या उजव्या खुर्चीत पोचतात, हे ‘आइस पायलट्स’ या मालिकेतून जगभर दिसलं. तिथे हमालीचा पगार मिळतो. थोडा असेल, पण केलेल्या कामाचा मोबदला असतो आणि माणसाची परीक्षाही होते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात मोबदला म्हणून काय मिळतं? तर तास. म्हणून या तासांची खरी किंमत तपासायला हवी.

लॉगबुकात सहवैमानिक म्हणून तास लिहायचा नियम स्पष्ट आहे. विमानाच्या प्रमाणपत्रानुसार किंवा ते उड्डाण ज्या नियमांखाली होतं त्यानुसार दुसरा वैमानिक आवश्यक असेल, तरच तो तास धरला जातो. कॅरॅव्हान हे एका वैमानिकाचं विमान आहे आणि माल वाहताना दुसरा माणूस आवश्यक नाही. मग उजवीकडे बसलेल्या मुलाचा तास कायद्याच्या दृष्टीने शून्य. कॅप्टनने प्रेमाने त्याच्या हाती विमान दिलं तर? तेही चालत नाही. भाड्याच्या मालासह उडताना कंपनीने रीतसर प्रशिक्षण देऊन पात्र ठरवलेल्या वैमानिकाखेरीज कुणी नियंत्रणांना हात लावायचा नाही, असा वेगळा नियम आहे. विमान रिकामं परत येत असेल तर नियम सैल होतात आणि थोडेफार तास खरे मिळू शकतात. पण रिकामं विमान उडवणं कोणत्याच कंपनीला परवडत नाही.

म्हणजे कित्येक मुलांनी महिनोन्महिने फुकट राबून जे कमावलं, ते एअरलाइनच्या मुलाखतीत एका प्रश्नाने उडून जाण्याजोगं होतं: ‘या विमानात दुसरा वैमानिक कोणत्या नियमाने लागत होता?’ उत्तर नसेल तर नुसते तास जात नाहीत, उमेदवाराच्या सचोटीवरही शंका येते. न उडलेले तास लिहिणाऱ्यांची अमेरिकी वैमानिक ‘पार्कर पेनचे तास’ म्हणून टर उडवतात. खुर्चीत खरोखर बसलेला, झोपमोड केलेला मुलगा त्याच पंगतीत जाऊन बसतो.

ही कोंडी विमान वाहतूक प्रशासनाला, म्हणजे एफएएला, दिसत होती. जून २०१८मध्ये नियम बदलले. मालवाहू किंवा चार्टर कंपनीने सहवैमानिक विकासाचा कार्यक्रम मंजूर करून घेतला, तर दुसरा वैमानिक आवश्यक नसलेल्या उड्डाणातही उजव्या खुर्चीचे तास धरता येतात. अटी आहेत. विमान बहुइंजिनी किंवा एका टर्बाइन इंजिनाचं हवं, दोन्हीकडे चालती नियंत्रणं हवीत, सहवैमानिकाला कंपनीचं पूर्ण प्रशिक्षण आणि चाचणी झालेली हवी आणि लॉगबुकात तशी नोंद हवी. मार्ग चांगला आहे. मात्र या नियमात पगाराबद्दल अवाक्षर नाही. एफएए सुरक्षितता पाहते, पगार पाहणं तिच्या अखत्यारीत येत नाही.

याच एफएएची दुसरी भूमिका मोठी मजेदार आहे. खासगी परवाना असलेल्या हौशी वैमानिकाला मोबदला घेऊन उडता येत नाही. दुसऱ्याच्या खर्चाने, त्याच्या कामासाठी विमान उडवून तास मिळवले, तर ते फुकटचे तास हाच मोबदला आहे, असं एफएए वर्षानुवर्षं मानत आली आहे. म्हणजे उड्डाणाचा तास ही मौल्यवान वस्तू आहे, हे सरकारलाही मान्य आहे. मग कंपनीचा मालक म्हणणारच, ‘मी पगार देतोच आहे की, तासांच्या रूपात!’

इथे कामगार कायदा आडवा येतो. १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्यानुसार कामगाराला किमान वेतन द्यावंच लागतं. २००९पासून संघराज्य पातळीवर ते तासाला सव्वासात डॉलर आहे. एअरलाइनच्या कर्मचाऱ्यांना या कायद्यातल्या ओव्हरटाइमच्या तरतुदीतून सूट आहे, किमान वेतनातून नाही. मात्र शिकाऊ माणूस हा कामगार आहे की विद्यार्थी, हा प्रश्न उरतो. त्यावरचा मूळ निकाल रेल्वेतला आहे. १९४७च्या पोर्टलंड टर्मिनल खटल्यात ब्रेकमनचं काम शिकायला आठवडाभर यार्डात येणाऱ्या माणसांना सर्वोच्च न्यायालयाने कामगार मानलं नाही. कारणं नेमकी होती: त्यांच्यामुळे कुणा कायम कामगाराचं काम कमी होत नव्हतं, उलट रेल्वेच्या कामात थोडा खोळंबाच होत होता. २०१५मध्ये ‘ब्लॅक स्वान’ चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या इंटर्नच्या खटल्यात अपील न्यायालयाने विचारलं, या व्यवस्थेचा मुख्य लाभ कुणाला होतो? २०१८मध्ये कामगार खात्यानेही हीच कसोटी स्वीकारली.

या कसोटीवर आपला मुलगा घासून पाहा. तो आठवडाभर मागे बसून नुसतं बघत असेल तर विद्यार्थी. पण तो पहाटे खोकी चढवतो, वजनाचा तक्ता भरतो, बर्फ काढतो आणि आकाशात रेडिओवर बोलतो. हे सगळं नाहीतर पगारी कॅप्टनलाच करावं लागलं असतं. लाभ कुणाचा, हे उघड आहे. ‘मी स्वखुशीने विनावेतन काम करत आहे’ असं लिहून दिल्यानेही कंपनी सुटत नाही. किमान वेतनाचा हक्क कामगाराला सोडून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४५मध्येच सांगितलं आहे. तो हक्क सोडता आला असता, तर गरजूंनी तो सर्वांत आधी सोडला असता.

मग तक्रारी का होत नाहीत? कारण हे जग लहान आहे. एअरलाइनला नवा वैमानिक घेताना त्याच्या आधीच्या मालकांकडच्या नोंदी पाहाव्याच लागतात. १९९६पासून तसा कायदा आहे. आज ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, त्याच्या नोंदी उद्याच्या मुलाखतीत टेबलावर असतात. शिवाय तक्रार केली तर आपले तासच नियमबाह्य होते, हे आधी कबूल करावं लागतं.

फुकट किंवा पैसे भरून काम करण्याचा प्रश्न फक्त पोटापुरता नाही, हे १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री अमेरिकेला कळलं. बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं आणि जमिनीवरच्या एकासह ५० माणसं मेली. वेग घटल्याचा इशारा मिळताच कॅप्टनने नेमकी उलटी कृती केली, असं चौकशीत निघालं. हा कॅप्टन फ्लोरिडातल्या एका ‘पैसे भरा आणि उडा’ योजनेतून या व्यवसायात आला होता. सहवैमानिक तरुणी सिअ‍ॅटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून कामावर हजर झाली होती. तिचा पगार वर्षाला १६ हजार डॉलरच्या आसपास असल्याचं सुनावणीत पुढे आलं. कंपनीने नंतर आकडा याहून जास्त असल्याचं सांगितलं. अपघातानंतर २०१०मध्ये कायदा झाला आणि २०१३पासून १,५०० तासांची अट आली. उफराटी गोष्ट अशी, की त्या दोघांकडेही १,५०० तासांहून बराच जास्त अनुभव होता. संसदेने तासांची संख्या वाढवली. ते कसे मिळवले आणि कमी पगारात, अपुऱ्या झोपेत माणूस कसा काम करतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला. एवढंच नाही, सहवैमानिकाला आधी परवान्यापुरते २५० तास पुरत होते, ते १,५०० झाल्याने तासांची भूक वाढली आणि फुकट राबायला तयार असलेल्यांची रांगही.

ही रांग आटली ती बाजारामुळे. कोविडनंतर वैमानिकांचा तुटवडा पडला आणि २०२२च्या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रादेशिक उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर जाहीर केले. माणसं मिळेनाशी झाली तेव्हा मालवाहू कंपन्यांनाही उजव्या खुर्चीसाठी पगार आणि बोनस सुचू लागले. ‘लहान कंपनीला परवडत नाही’ ही सबब किती खरी होती, ते तेव्हा कळलं. अर्थात बाजार पुन्हा मंदावला की जुनी सबब परत येते.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. भारतात कमर्शियल परवाना २०० तासांवर मिळतो आणि तेवढ्यावर मुलगा थेट एअरबस ए-३२०च्या उजव्या खुर्चीत बसू शकतो. गावोगाव पार्सलं नेणाऱ्या कॅरॅव्हानचं जाळं आपल्याकडे जवळजवळ नाहीच; ब्लू डार्टसारखी कंपनी मोठी बोइंग ७५७ विमानं उडवते. त्यामुळे आपल्याकडची पिळवणूक दुसऱ्या दाराने येते. परवान्यावर खर्च झाल्यानंतर विशिष्ट विमानाच्या रेटिंगसाठी आणखी दहा-वीस लाख मुलानेच भरायचे. युरोपात तर काही कंपन्यांनी प्रवासी भरलेल्या विमानात उजवीकडे बसण्याचे ५०० तास विकले आणि तिथल्या वैमानिकांची संघटना या प्रथेविरुद्ध लढते आहे. खोट्या तासांची कीडही आपल्याला अनोळखी नाही. २०११मध्ये राजस्थानातल्या एका फ्लाइंग स्कूलमधून न झालेल्या उड्डाणांच्या नोंदी निघाल्या होत्या.

तरी हा अमेरिकी प्रश्न मराठी घरांत येतो. बारामती-गोंदियाला रांग असते म्हणून किंवा तास लवकर भरतात म्हणून अनेक पालक मुलांना फ्लोरिडा, टेक्सास, अ‍ॅरिझोनाला पाठवतात. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने ‘फुकटच तर करतोय’ म्हणत मालवाहू कंपनीत राबणं दुहेरी धोक्याचं आहे. पगार घेतला नाही म्हणून ते काम ठरत नाही, असं व्हिसाचा कायदा मानत नाही.

उमेदवारीला माझा विरोध नाही. कोणताही हुन्नर जाणत्याच्या शेजारी बसूनच येतो आणि खराब हवेत एकट्याने पार्सल पोचवणाऱ्या वैमानिकाच्या शेजारी जे शिकायला मिळतं, ते कोणत्या शाळेत मिळणार नाही. पण उमेदवारी आणि वेठबिगारी यांतला फरक दोन प्रश्नांत कळतो. ही खुर्ची नियमाने लागते का? लागत असेल तर तिच्यावर बसणाऱ्याला पगार द्या. लागत नसेल तर कंपनीकडे २०१८च्या नियमाप्रमाणे मंजूर कार्यक्रम आहे का? असेल तर तो मुलगा प्रशिक्षित, चाचणी झालेला सहवैमानिक आहे, तेव्हाही पगार द्या. दोन्हींची उत्तरं नाही असतील, तर तिथे मिळणारे तास कागदावरचे आहेत. आपलं मूल परदेशात उडायला गेलं असेल आणि फोनवर अशी संधी चालून आल्याचं सांगत असेल, तर अभिनंदन करण्याआधी त्याला हे दोन प्रश्न कंपनीला लेखी विचारायला सांगा. उत्तर लेखी आलं नाही, तर तिथे जाऊ नये.